नीटसाठी ॲनाटॉमी नेमकी किती करायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरावी-बारावीला झूलॉजी (प्राणिशास्त्र) शिकवताना, नीट या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी ॲनाटॉमी, म्हणजे शरीररचना, किती करायची याबद्दल दरवर्षी जून-जुलैमध्ये हेच प्रश्न येतात. कधी मुलांकडून, बऱ्याचदा पालकांकडून. तोंडी उत्तरं देऊन घसा बसतो, म्हणून एकदाची लिहून काढली.

नीटमध्ये ॲनाटॉमी असा वेगळा विषय आहे का?

नाही. पेपरमध्ये बायोलॉजीचे 90 प्रश्न असतात, 360 गुणांचे. म्हणजे 720 पैकी निम्मे. त्यात बॉटनी आणि झूलॉजी दोन्ही आली. 'ॲनाटॉमी' म्हणून आपण जे म्हणतो ते झूलॉजीच्या चार-पाच ठिकाणी विखुरलेलं आहे: मानवी शरीरक्रियेचे धडे (श्वसन, रक्ताभिसरण, उत्सर्जन, हालचाल, चेतासंस्था, हार्मोन्स), बारावीचं मानवी प्रजनन, आणि अकरावीतले प्राण्यांचे ऊतक आणि बेडूक. वनस्पतींची ॲनाटॉमीही आहे, पण ती बॉटनीच्या शिक्षकांची जहागीर. मी तिथे जात नाही.

मग किती करायची? एका वाक्यात सांगा.

अवयवाचं काम समजावून सांगायला जेवढी रचना लागते तेवढी, आणि एनसीईआरटीच्या (केंद्रीय अभ्यासक्रमाच्या) पुस्तकातल्या आकृतीत जेवढ्या रेघांना नावं आहेत तेवढी सगळी.

पहिला भाग ऐकून मुलं खूश होतात आणि दुसरा विसरतात. मार्क जातात ते दुसऱ्यात.

म्हणजे कसं? एखादं उदाहरण द्या ना.

हृदय घेऊ. नीटला हृदयाचे चार कप्पे (वरचे दोन एट्रियम, खालचे दोन व्हेंट्रिकल), झडपा, मोठ्या रक्तवाहिन्या आणि विजेसारखा संदेश कुठून कुठे जातो ती वाट, एवढं लागतं. कोरोनरी आर्टरीच्या फांद्यांची नावं लागत नाहीत.

पण ती वाट मात्र अगदी कोपऱ्यासकट लागते. एस. ए. नोड (ठोका सुरू करणारी गाठ) उजव्या एट्रियमच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात. ए. व्ही. नोड (संदेश पुढे पाठवणारी गाठ) त्याच उजव्या एट्रियमच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात, पडद्याला लागून. तिथून ए. व्ही. बंडल, त्याच्या डाव्या-उजव्या फांद्या, मग व्हेंट्रिकलच्या भिंतीत पर्किंजी तंतू. आता प्रश्न कसा येतो बघा. मी माझ्या वर्गात असा घालतो:

विधान 1: ए. व्ही. नोड उजव्या एट्रियमच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात असतो.
विधान 2: ए. व्ही. नोड डाव्या आणि उजव्या एट्रियमचं आकुंचन सुरू करतो.

पहिलं बरोबर, दुसरं चूक. ते काम एस. ए. नोडचं. दोन्ही विधानांत 'ए. व्ही. नोड', 'एट्रियम', 'डावा', 'उजवा' हेच शब्द फिरवलेले. ज्याने धडा गोष्टीसारखा वाचला त्याला दोन्ही ओळखीची वाटतात आणि तो 'दोन्ही बरोबर' गोल करून मोकळा होतो. चार गेले, वर एक वजा.

याच धड्यात आकडेही आहेत: मिनिटाला 70 ते 75 ठोके, एका ठोक्याला साधारण 70 मिली रक्त, म्हणून मिनिटाला साधारण 5 लिटर, आणि एक कार्डिअ‍ॅक सायकल, म्हणजे एका ठोक्याचा पूर्ण फेरा, 0.8 सेकंदांची. हे चार आकडे एकमेकांतून निघतात. 60 भागिले 75 करा, 0.8 येतं. 70 गुणिले 72 करा, पाच हजाराच्या आसपास येतं. सुटे पाठ करू नका.

आकृती बघताना डावं-उजवं नेहमी चुकतं. काही उपाय?

आकृतीतला माणूस तुमच्यासमोर तोंड करून उभा आहे, त्यामुळे कागदावरची डावी बाजू ही त्याची उजवी. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळ्यांचं चुकतं. माझी सवय: हृदयाची आकृती काढायच्या आधी कागदाच्या डाव्या कडेला मोठ्ठा 'उ' आणि उजव्या कडेला 'डा' लिहायचा. पंधरा दिवसांनी लिहायची गरज उरत नाही.

हाडं 206 च्या 206 पाठ करायची?

206 नावं नाहीतच मुळी. खूपशी जोडीने आहेत आणि बरीचशी गटाने. पाठ करण्यापेक्षा हिशेब करा. वहीच्या मागच्या पानावर एकदा किराणा दुकानातल्यासारखी बेरीज मांडा.

मधल्या कण्याभोवतीचा सांगाडा: कवटी 22 (मेंदूभोवती 8, चेहऱ्याची 14), दोन्ही कानांत मिळून 6, हायॉइड 1, पाठीचा कणा 26, बरगड्या 24, छातीचं मधलं हाड 1. झाली 80.

हातापायांचा: प्रत्येक हाताला 30, प्रत्येक पायाला 30, म्हणजे 120. खांद्याकडची क्लॅव्हिकल आणि स्कॅप्युला दोन-दोन, म्हणजे 4. कमरेची कॉक्सल 2. झाली 126.

80 आणि 126 मिळून 206. बेरीज जुळली नाही तर काहीतरी राहिलं, आणि काय राहिलं ते स्वतःलाच शोधावं लागतं. तो शोधच अभ्यास.

हात आणि पाय दोन्हींत 30 कशी, यात एक गंमत आहे. मनगटात कार्पल 8, घोट्याकडे टार्सल 7. म्हणजे पायात एक कमी पडायला हवं. पण पायाला गुडघ्याची वाटी, पटेला, जास्तीची मिळते. हिशेब पुन्हा 30. ही एक गोष्ट ज्याला कळली तो 8 आणि 7 ची अदलाबदल आयुष्यात करत नाही.

कण्यात 26 की 33, हा दुसरा नेहमीचा घोळ. लहानपणी सुटे असलेले शेवटचे मणके पुढे जुळून एक सेक्रम आणि एक कॉक्सिक्स होतात. प्रौढ माणसाचा हिशेब 7, 12, 5, 1, 1. एनसीईआरटी 26 धरते, तुम्हीही 26 धरा.

बरगड्यांत पहिल्या 7 जोड्या खऱ्या, 8, 9, 10 या व्हर्टेब्रोकाँड्रल, 11 आणि 12 तरंगत्या. त्याशिवाय ग्लेनॉइड खड्ड्यात काय बसतं, ॲसिटाब्युलममध्ये काय बसतं, ॲक्रोमिअनला काय जोडलेलं असतं (क्लॅव्हिकल), आणि सांध्यांचे प्रकार एकेका उदाहरणासह. इथे थांबा. हाडावर कुठला स्नायू कुठे चिकटतो हे नको.

घरात डॉक्टर आहेत. त्यांचं एमबीबीएसचं ॲनाटॉमीचं पुस्तक वापरलं तर फायदा होईल?

चित्रं बघायला हरकत नाही. अभ्यासाला नको. एका मुलाने मला ब्रॅकिअल प्लेक्ससची, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या नसांच्या जाळ्याची, फांदीन् फांदी काढून दाखवली होती. मामाने शिकवलं होतं, सुंदर काढली होती. त्याच मुलाला वासा इफरन्शिया आणि व्हास डेफरन्स या शुक्राणू वाहणाऱ्या नळ्यांतला फरक सांगता आला नाही. प्लेक्सस त्याला पहिल्या वर्षाला लागणारच होता. पण त्यासाठी आधी पहिल्या वर्षाला पोचायला हवं.

किडनीची आकृती वाचून लक्षात राहत नाही. काय करू?

घरी चालत असेल तर मटणाच्या दुकानातून दोन गुर्दे आणा. एकदा मी वर्गासाठी सहा आणले होते. पहिला मी आडवा कापला आणि मुलांना दाखवण्यासारखं काही उरलंच नाही. लांबीत, उभा, पुस्तक उघडल्यासारखा कापायचा. मग दिसतं: बाहेर तपकिरी दाणेदार पट्टा तो कॉर्टेक्स, आत गडद, रेघारेघांचा तो मेड्युला, आणि मधोमध पांढुरकी पोकळी तो पेल्व्हिस. रेघा का दिसतात? कारण हेन्लेचे लूप आणि कलेक्टिंग डक्ट या बारीक नळ्या तिथे सरळ उभे उतरतात. ही गोष्ट आकृतीतून कळायला महिना गेला असता.

मग मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, बर्टिनीचे कॉलम कुठायत?" मीही शोधायला लागलो. ते नव्हतेच. माणसाच्या किडनीत मेड्युलाचे अनेक पिरॅमिड सुटे असतात आणि त्यांच्यामधून कॉर्टेक्स आत घुसतो, तेच बर्टिनीचे कॉलम. बोकडाच्या किडनीत हे पिरॅमिड जुळून एकच सलग कडा होते. म्हणजे बोकड दाखवून प्रश्न माणसाचा सुटतो, पण सगळा नाही. आकृती समोर ठेवूनच कापा.

हृदयही आणता येतं. फक्त दुकानात 'काळीज' मागू नका, लिव्हर बांधून मिळेल. 'दिल' म्हणा. डाव्या व्हेंट्रिकलची भिंत उजवीपेक्षा किती जाड आहे ते बोटाच्या चिमटीत कळतं, आणि झडपांना धरून ठेवणारे पांढरे दोरे दिसतात.

किडनीचे आकडे: लांबी 10 ते 12 सेंमी, रुंदी 5 ते 7, जाडी 2 ते 3, वजन 120 ते 170 ग्रॅम, जागा बाराव्या थोरॅसिक ते तिसऱ्या लंबार मणक्याच्या पातळीत. मिनिटाला 125 मिली गाळलं जातं, दिवसाला 180 लिटर, आणि बाहेर पडते साधारण दीड लिटर लघवी. बाकीचं कुठे गेलं, हा प्रश्न स्वतःला विचारलात की नेफ्रॉनची (किडनीतल्या गाळणीच्या नळीची) अख्खी ॲनाटॉमी आपोआप अर्थपूर्ण होते.

आम्ही राज्य मंडळाचे. बालभारतीचं पुस्तक की एनसीईआरटी?

महाराष्ट्रातल्या मुलांसाठी हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि याचं उत्तर जरा लांब आहे.

नीट एनसीईआरटीच्या शब्दांत विचारली जाते, त्यामुळे शेवटचा शब्द एनसीईआरटीचा. पण बालभारतीची 2019 आणि 2020 साली आलेली अकरावी-बारावीची पुस्तकं वाईट नाहीत. काही ठिकाणी ती जास्त सविस्तर आहेत, आणि तिथेच अडचण होते. बारावीच्या 'कंट्रोल अँड को-ऑर्डिनेशन' मध्ये मेंदूतून निघणाऱ्या क्रेनिअल नर्व्हच्या 12 आणि मज्जारज्जूतून निघणाऱ्या स्पायनल नर्व्हच्या 31 जोड्या आहेत. बोर्डाला लागतात. एनसीईआरटीच्या मानवी चेतासंस्थेच्या धड्यात क्रेनिअल नर्व्हची ती यादी नाही. तिथे 'क्रेनिअल नर्व्हच्या दहा जोड्या' असा उल्लेख आहे तो बेडकाचा! मुलं इथे हमखास अडखळतात. वहीत दोन रंगांनी लिहा: माणूस 12, बेडूक 10.

दुसरा फरक धड्यांच्या क्रमाचा. एनसीईआरटीत श्वसन, रक्ताभिसरण, चेतासंस्था, हार्मोन्स हे सगळं अकरावीत आहे. आपल्याकडे ते बारावीत. त्यामुळे आपली मुलं अकरावी संपताना 'शरीरशास्त्र झालं' म्हणतात तेव्हा त्यांचं फक्त पोषण, उत्सर्जन आणि सांगाडा झालेला असतो. अकरावीच्या उन्हाळ्यातच हृदय आणि फुप्फुस एनसीईआरटीतून उरका, बारावीत बोर्डासाठी दुसऱ्यांदा होईल.

पचनसंस्था, डोळा आणि कान करायचे की नाही?

बोर्डासाठी करा. नीटसाठी 2024 पासूनच्या अभ्यासक्रमात पचन आणि शोषण हा धडा नाही, डोळा-कानही नाहीत. जुन्या प्रश्नसंचांत दातांचं सूत्र, कॉक्लिआ, रेटिना यांचे प्रश्न भरपूर सापडतील, ते सोडून पुढे जा. दरवर्षी एनएमसीचा (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा) अभ्यासक्रम जाहीर झाला की स्वतः उघडून एकदा वाचा. क्लासच्या नोट्स बदलायला वेळ लागतो.

मात्र पचनसंस्था गेली म्हणजे पॅनक्रियाज गेलं असं नाही. ते हार्मोन्सच्या धड्यात आयलेट्ससह (हार्मोन बनवणारे पेशींचे पुंजके) बसलेलं आहे.

बेडूक खरंच करायचा? आणि झुरळ?

बेडूक नक्की. अभ्यासक्रमातली ओळ मजेशीर आहे: 'एका कीटकाच्या' वेगवेगळ्या संस्था असं लिहून पुढे कंसात बेडूक. कोणाच्या हातून झुरळाच्या जागी बेडूक आला आणि 'कीटक' तसाच राहिला, देव जाणे. एनसीईआरटीच्या नव्या आवृत्तीत बेडूकच आहे.

बेडकाची खरी मेख त्याच्या मूत्र-जनन मार्गात आहे. नरात 10 ते 12 वासा इफरन्शिया वृषणातून निघून सरळ किडनीत शिरतात, बिडर्स कॅनॉलमध्ये उघडतात, आणि पुढे लघवी आणि शुक्राणू एकाच नळीतून क्लोएकात (शरीराबाहेर पडण्याच्या सामाईक पोकळीत) जातात. मादीत युरेटर आणि ओव्हिडक्ट वेगवेगळे उघडतात. एकच आकृती नर-मादी शेजारी काढा, दोनदा काढा, काम झालं. सोबत तीन कप्प्यांचं हृदय आणि एका वेळी 2500 ते 3000 अंडी.

झुरळाचा आपल्या अकरावीच्या पुस्तकात स्वतंत्र धडाच आहे, कॉलेजच्या परीक्षेसाठी होतोच. त्यामुळे नीटसाठी वेगळा वेळ घालवू नका, पण 'सिलॅबसमध्ये नाही' म्हणून फाडूनही टाकू नका.

प्रजननसंस्थेचा धडा वर्गात पटकन उरकतात. किती लागतो?

पूर्ण लागतो, आणि रचनेचे सगळ्यात जास्त बारकावे याच धड्यात आहेत. शिक्षक संकोचतात, मुलं खाली बघतात, धडा चाळीस मिनिटांत संपतो. हे मी वर्षानुवर्षं बघतोय. नुकसान तुमचं.

एका वृषणात साधारण 250 लोब्यूल, प्रत्येकात 1 ते 3 सेमिनिफेरस ट्यूब्यूल. पुढची वाट क्रमाने: रीटी टेस्टिस, वासा इफरन्शिया, एपिडिडायमिस, व्हास डेफरन्स, सेमिनल व्हेसिकलची नळी मिळाल्यावर इजॅक्युलेटरी डक्ट, मग युरेथ्रा. क्रम लावा असा प्रश्न या वाटेवर सहज बसतो. स्त्रीमध्ये फॅलोपियन ट्यूब 10 ते 12 सेंमी, तिचे भाग ओव्हरीकडून गर्भाशयाकडे इन्फंडिब्युलम, ॲम्प्युला, इस्थमस. गर्भाशयाच्या भिंतीचे तीन थर, आणि त्यातला कोणता मासिक चक्रात बदलतो (एंडोमेट्रियम), कोणता बाळंतपणात आकुंचन पावतो (मायोमेट्रियम). वृषणाची आणि ओव्हरीची सूक्ष्मदर्शकाखालची रचनाही आहे, ती आकृती रंगवून काढा.

कोणत्या धड्यावर किती प्रश्न येतात?

परीक्षा घेणारी एनटीए धडानिहाय गुण जाहीर करत नाही. जे तक्ते फिरतात ते मागच्या पेपरांवरून लोकांनी मोजलेले असतात, आणि दरवर्षी थोडे हलतात. एखादा धडा 'कमी मार्कांचा' म्हणून सोडणं, हा जुगार मी कोणाला खेळू देत नाही.

मराठीतून पेपर दिला तर शब्दांचा गोंधळ होतो का?

होऊ शकतो. एट्रियमला कुठे अलिंद म्हणतात, कुठे कर्णिका. व्हेंट्रिकलला निलय किंवा जवनिका. किडनी कधी वृक्क, कधी मूत्रपिंड. अकरावी-बारावीचं विज्ञान आपल्याकडे इंग्रजीतून शिकवतात, त्यामुळे दहावीपर्यंतचे मराठी शब्द विसरलेले असतात. मराठी माध्यमाच्या पुस्तिकेत इंग्रजी प्रश्नही शेजारी असतो आणि भाषांतरात शंका आली तर इंग्रजी प्रश्न ग्राह्य धरतात. तेव्हा विचार मराठीत करा, खात्री इंग्रजीवरून करा. समजून घेताना मात्र मराठीची लाज बाळगू नका. 'झडप' हा शब्द ऐकून व्हॉल्व्ह एकाच बाजूला का उघडतो हे पोराला जितकं पटकन कळतं, तितकं व्याख्या वाचून कळत नाही.

एमएचटी-सीईटीलाही हाच अभ्यास चालेल?

पीसीबी (फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी) ग्रुपची राज्याची सीईटी एमबीबीएससाठी नाही, फार्मसी-कृषीसारख्या प्रवेशांसाठी आहे. ती बालभारतीवर चालते, बारावीचा भर सुमारे 80 टक्के, बायोलॉजीला 100 प्रश्न, आणि वजा गुण नाहीत. तिथे ते बारा क्रेनिअल नर्व्ह कामाला येतात.

रोज किती वेळ द्यावा?

तासात मोजू नका, कोऱ्या कागदात मोजा. रात्री झोपायच्या आधी पुस्तक बंद करून एक आकृती, सगळ्या नावांसकट. नंतर पुस्तक उघडून लाल पेनाने राहिलेली नावं भरा. लाल रंग तीनपेक्षा कमी झाला की ती आकृती आठवड्यातून एकदा. मला विचाराल तर हृदय, नेफ्रॉन, मेंदूचा उभा छेद, सार्कोमिअर (स्नायूतंतूचा एकक), पुरुष आणि स्त्री प्रजननसंस्था, बेडकाच्या दोन आकृत्या, एवढ्या पक्क्या झाल्या की ॲनाटॉमीचं ओझं बरंचसं उतरतं.

आम्ही शाकाहारी. गुर्दा घरात आणला तर आजी घराबाहेर काढेल. दुसरं काही?

स्वतःचं शरीर आहे की. मनगटावर नाडी धरून मिनिटभर मोजा. ताणलेला पाय सैल सोडून गुडघ्याची वाटी बोटांनी हलवून बघा, तीच ती पायाची तिसावी. अंगठा सगळ्या बोटांच्या टोकांना लावा, तो कार्पल-मेटाकार्पलचा सॅडल सांधा. मान 'नाही, नाही' अशी हलवा, ॲटलास आणि ॲक्सिसमधला पिव्हट सांधा. परीक्षेच्या हॉलमध्येही हे करता येतं, फक्त मान जरा जपून फिरवा. पर्यवेक्षकांना वाटायचं शेजारच्याचं बघताय.